बिघाडांची वही: यंत्रं आणि शरीर यांबद्दल मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे बिघाडांची एक वही आहे. डाव्या पानावर यंत्रांच्या नोंदी: कुठला संगणक कधी अडकला, कुठला चार्जर तापला, कुठल्या अपडेटनंतर काय बंद पडलं. उजव्या पानावर शरीराच्या: कधी चक्कर आली, कधी डोळे चुरचुरले, झोप कशी लागली. काही वर्षांनी अशा नोंदी येऊ लागल्या की त्या कुठल्या पानावर लिहाव्यात तेच कळेना. फोनने बोटाचा ठसा ओळखला नाही, हा दोष फोनचा की बोटाचा? घड्याळ सांगतं रक्तातला ऑक्सिजन कमी झालाय, आणि मी तर नुकतीच तीन जिने चढून आले!

संगणकांची देखभाल हे माझं काम आहे. मी डॉक्टर नाही. पण नातेवाईक आणि मित्रमैत्रिणी पुन्हा पुन्हा हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. जवळजवळ प्रत्येक उत्तरात मी एकच गोष्ट शोधत असते: समोर दिसणारा आकडा किंवा इशारा नेमका तयार कसा झाला?

लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या झाकणावरून बोट फिरवलं की मुंग्या आल्यासारखं होतं. करंट उतरतोय का?

उतरतोय, पण अगदी थोडा, आणि चार्जर बनवणाऱ्यांनी तो गृहीत धरलेला असतो. चार्जरमध्ये घरातल्या विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू एकमेकींपासून तोडलेल्या असतात. मात्र रेडिओ लहरींचा उपद्रव कमी व्हावा म्हणून या दोन बाजूंमध्ये एक छोटा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, जोडतात. चार्जरला अर्थिंगची तिसरी पिन नसेल तर या कपॅसिटरमधून झिरपणाऱ्या विजेला जमिनीकडे जायला वाटच मिळत नाही, आणि लॅपटॉपचं धातूचं अंग घरातल्या विजेच्या साधारण निम्म्या दाबावर (व्होल्टेजवर) राहतं. ऐकून छातीत धस्स होतं, पण दाब मोठा असला तरी प्रवाह नगण्य असतो. दोन पिनांच्या अशा उपकरणांसाठी सुरक्षेच्या मानकांनी घातलेली मर्यादा पाव मिलीअँपियर आहे.

आता एक प्रयोग करा. बोट झाकणावर नुसतं टेकवून ठेवा, काही जाणवणार नाही. तेच बोट हलकेच फिरवा, आणि गुळगुळीत धातू खरखरीत, थरथरता लागेल. मॅलिनक्रॉट हे संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी १९५३ साली याची शास्त्रीय नोंद केली. कोरड्या कातडीचा वरचा थर वीज अडवतो. धातूवरचा दाब वरखाली होतो तसं बोट किंचित ओढलं जातं आणि सुटतं, सेकंदाला शंभरेक वेळा. म्हणजे आपल्याला जाणवतो तो विजेचा झटका नव्हे, तर सतत बदलणारं घर्षण. मला हे कळलं त्या दिवशी मी अर्धा तास झाकणावरून बोट फिरवत बसले होते.

उपाय सोपा आहे: तीन पिनांची, अर्थिंग असलेली वायर वापरा आणि भिंतीतलं अर्थिंग खरंच जोडलेलं आहे ना ते तपासून घ्या. पण बोट स्थिर असतानाही चटका बसत असेल, हात झटकला जात असेल, चार्जरला तडा गेला असेल, त्यातून जळका वास येत असेल, तर तो चार्जर त्याच क्षणी बंद करा. नकली चार्जरमध्ये त्या दोन बाजूंमधलं अंतर धोकादायकरीत्या कमी ठेवलेलं आढळतं, आणि तिथे वरचा दिलासा लागू पडत नाही.

चार्जिंगला लावल्यावर फोनची स्क्रीन आपोआप भलतीकडेच दाबली जाते. व्हायरस?

बहुधा नाही. स्क्रीन बोटाचा स्पर्श ओळखते ती विद्युतधारितेतल्या, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतल्या, अतिसूक्ष्म बदलावरून, आणि खराब चार्जरचा विद्युत गोंगाट त्या बदलासारखाच दिसतो. चार्जर काढल्यावर स्क्रीन ताळ्यावर आली तर चार्जर बदला. न आल्यास स्क्रीनवर वरून चिकटवलेली संरक्षक काच काढून पाहा, ओल पुसा, मगच फोन दुरुस्तीला न्या.

कपडे धुतल्यावर किंवा पोहून आल्यावर फोन माझं बोट ओळखतच नाही. असं का?

कारण त्या वेळी तुमच्या बोटाचा आकार खरोखरच बदललेला असतो. आणि तो बदल पाण्याने केलेला नसतो, तुमच्या मज्जासंस्थेने केलेला असतो!

कातडी पाणी शोषून फुगते आणि म्हणून सुरकुतते, असं मीही वर्षानुवर्षं मानत होते. पण १९३० च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की ज्यांच्या हाताच्या नसेला इजा झाली आहे, त्यांची त्या नसेच्या ताब्यातली बोटं कितीही वेळ पाण्यात ठेवली तरी सुरकुतत नाहीत. साध्या भिजण्याने सुरकुत्या पडत असत्या, तर नसेचा काय संबंध? घडतं असं: घामाच्या रंध्रांतून पाणी आत शिरतं, नसा तो बदल टिपतात आणि बोटाच्या टोकातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात. आतला फुगवटा कमी झाला की वरची कातडी दुमडते. याला पाचेक मिनिटं लागतात. नसेचं काम तपासायला डॉक्टर आजही ही युक्ती वापरतात.

सुरकुत्यांचा उपयोग काय, यावर मात्र एकमत नाही. २०१३ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांना दिसलं की सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या वस्तू अधिक झरझर उचलता येतात, जणू टायरवरच्या खाचा पाणी बाहेर काढतायत. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तसाच प्रयोग केला आणि त्यांना फरक आढळला नाही. नंतरच्या एका प्रयोगात सुरकुत्यांमुळे पकडीला कमी जोर लागतो असं दिसलं. माझा कल पहिल्या बाजूकडे आहे, पण वहीत मी प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं आहे.

फोनपुरता उपाय: तेच बोट दोनदा नोंदवा, एकदा कोरडं असताना आणि एकदा सुरकुतलेलं असताना. आणि पिन विसरू नका. कपेसिटाबिन नावाचं कर्करोगावरचं औषध घेणाऱ्या काहींच्या तळहातांची आणि तळपायांची कातडी सोलवटते आणि बोटांचे ठसे पुसट होतात. ठसे उमटत नाहीत म्हणून अशा एका रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर काही तास अडवून ठेवल्याची हकिगत २००९ साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. असे उपचार चालू असलेलं माणूस घरात असेल तर फोन, बँक, हजेरी या सगळ्यांसाठी ठशाशिवायची दुसरी सोय आधीच करून ठेवा. आजारपणात त्या माणसाला दारं बंद झालेली दिसू नयेत, असं मला फार वाटतं.

फोन वाजलेला नसतो, तरी खिशात थरथर जाणवते. हे मनाचे खेळ आहेत का?

मेंदूचे आहेत, आणि तुम्ही एकटे नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत एका रुग्णालयातल्या सुमारे दोन तृतीयांश कर्मचाऱ्यांनी हा अनुभव सांगितला होता. कापडाची घासण, स्नायूची बारीकशी फडफड, असं काहीतरी कातडीवर सतत चालू असतं. मेंदू एरवी ते गाळून टाकतो. पण फोनची वाट पाहत असताना एक हाक चुकण्यापेक्षा दहा वेळा उगाच दचकणं त्याला स्वस्त वाटतं, म्हणून गाळणीची भोकं तो मोठी करतो. खिसा बदला, किंवा काही दिवस व्हायब्रेशन बंद ठेवा. यात आजार काही नाही.

घड्याळाने रक्तातला ऑक्सिजन ८९ दाखवला. घाबरायचं का?

आधी स्वतःकडे पाहा. दम लागतोय, छातीत दुखतंय, ओठ निळसर पडलेत, बोलताना गोंधळ होतोय, यातलं काहीही असेल तर आकडा कितीही असो, डॉक्टरांकडे जा. आकडा ९८ असला तरी जा.

तसं काही नसेल तर हा आकडा येतो कुठून ते समजून घ्या. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ मध्ये पल्स ऑक्सिमीटरमागची कल्पना मांडली. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. म्हणून यंत्र दोन प्रकाश सोडतं, एक ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि दुसरा ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. आओयागींचं खरं कौशल्य पुढे आहे. बोटात हाड, स्नायू, कातडी, शिरा असं सगळंच प्रकाश शोषतं, मग त्यातून धमनीतलं रक्त वेगळं कसं काढायचं? त्यांनी फक्त ठोक्यागणिक बदलणारा भाग घेतला आणि बाकी सगळं सोडून दिलं. ठोक्याबरोबर हलतं ते धमनीतलं ताजं रक्त.

यावरून आकडा कुठे चुकतो हेही उघड होतं. हात गार असतील तर ठोका क्षीण. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो. हात हलला तर हालचालच ठोक्यासारखी दिसते. गडद नेलपॉलिश आणि गोंदण प्रकाश अडवतात. शिवाय बोटाच्या यंत्रात प्रकाश आरपार जातो. मनगटावर तो परत फिरून येण्याची वाट पाहावी लागते, आणि तो इशारा कमकुवत असतो. बोटाचं चांगलं यंत्रही दोन-तीन टक्के इकडेतिकडे दाखवतं.

एक गोष्ट मला फार खटकते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की रक्ततपासणीत ऑक्सिजन कमी असूनही ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवण्याचे प्रसंग गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये जवळजवळ तिप्पट होते. कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषतं, आणि यंत्रांचं अंशांकन करताना, म्हणजे त्यांचे आकडे खऱ्या मोजमापाशी जुळवताना, सगळ्या वर्णांची माणसं पुरेशी घेतलेली नव्हती. सावळ्या, काळ्या कातडीच्या माणसाने चांगल्या आकड्यावर विसंबून लक्षणांकडे कधीही दुर्लक्ष करू नये.

कमी आकडा आल्यावर मी काय करते? पाच मिनिटं शांत बसते, तळवे चोळून ऊबदार करते, बोटाचं यंत्र लावते आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबते. पुन्हा कमीच आला तर डॉक्टरांना फोन.

मग नाडी मोजताना घड्याळाखाली हिरवा प्रकाश का दिसतो?

रक्त हिरवा प्रकाश भरपूर शोषतं, म्हणून ठोक्यागणिक होणारा बदल ठळक दिसतो, आणि हिरवा प्रकाश फार खोल जात नसल्यामुळे हालचालीचा त्रासही कमी होतो.

ईसीजी काढणारं घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखतं का?

नाही. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. घड्याळ एकाच दिशेने हृदयाकडे पाहतं, रुग्णालयातला ईसीजी बारा दिशांनी. घड्याळाला जमतं ते ठोक्यांची लय बिघडली आहे का हे पाहणं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चार लाखांहून अधिक लोकांच्या घड्याळांवर लक्ष ठेवलं गेलं. त्यांतल्या साधारण अर्ध्या टक्का लोकांना अनियमित लयीचा इशारा मिळाला. असा इशारा आला तर तो डॉक्टरांना जरूर दाखवा. पण छातीत दुखत असताना घड्याळ सर्व ठीक म्हणतंय म्हणून घरी थांबू नका.

घरच्या यंत्रावर रक्तदाब नेहमी जास्त येतो आणि दवाखान्यात ठीक. यंत्र खोटं बोलतंय?

आमच्याकडे हेच झालं. आईचा दाब घरी रोज संध्याकाळी चढलेला दिसायचा. ती काळजीने आणखी दोनदा मोजायची, तर तो आणखी वाढलेला. मी वहीत आकड्यांबरोबर बाकीच्या गोष्टीही लिहायला लागले: कुठे बसली होती, हात कुठे होता, काय बोलत होती. चौथ्या दिवशी उलगडा झाला. ती पलंगाच्या कडेला बसायची, पाठीला टेकू नाही, हात मांडीवर, आणि मोजताना माझ्याशी गप्पा. शिवाय पट्टा तिच्या दंडाच्या मानाने लहान होता.

यातली प्रत्येक गोष्ट दाब वाढवून दाखवते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मेजावर हात ठेवून आणि मांडीवर हात ठेवून मोजलं, तर वरच्या आकड्यात साधारण ४ चा फरक पडला. हात नुसता लोंबकळत ठेवला तर साडेसहाचा. लहान पट्टा याहून जास्त घोटाळा करू शकतो. घरगुती यंत्र कानाने काही ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेची थरथर टिपून ते सूत्राने वरचा आणि खालचा आकडा काढतं, म्हणून लय अनियमित असलेल्या माणसाच्या बाबतीतही ते गडबडतं.

लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पावलं जमिनीवर सपाट, दंड छातीच्या उंचीवर आधाराला, पट्टा दंडाच्या मापाचा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. आईचा दाब त्यानंतर दवाखान्यातल्या आकड्याजवळ आला. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला पाहून मला जे वाटलं ते लिहिता येणार नाही.

रोज १०,००० पावलं चालायलाच हवीत का?

हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची लाट आली, आणि १९६५ मध्ये तिथे एक पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव होतं मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव तोंडात बसलं आणि आकडा जगभर गेला.

२०१९ च्या एका अभ्यासात सरासरी ७२ वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांची पावलं मोजली गेली. दिवसाला २,७०० पावलांच्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साधारण ७,५०० नंतर फायदा वाढायचा थांबत होता. अर्थात आधीच आजारी असलेली माणसं कमी चालतात, तेव्हा सगळं श्रेय पावलांना देता येत नाही. पण म्हाताऱ्या माणसाला १०,००० होत नाहीत म्हणून खंत वाटत असेल, तर हे आकडे त्याला जरूर सांगा.

घड्याळ पावलं मोजतं ती हाताच्या झुल्यावरून. ढकलगाडी धरून चाललात तर कमी भरतील, टाळ्या वाजवल्यात तर काही फुकट मिळतील.

झोपेचे गुण कमी आले की दिवसभर थकल्यासारखं वाटतं. खरंच झोप कमी झालेली असते का?

घड्याळाला झोप दिसत नाही. त्याला तुमची हालचाल आणि नाडी दिसते, आणि त्यावरून ते अंदाज बांधतं. खऱ्या तपासणीत डोक्यावर तारा लावून मेंदूच्या लहरी पाहतात. जागेपणी निपचित पडून राहिलात तर घड्याळ ती झोप धरू शकतं. झोपेचे आकडे परिपूर्ण करण्याच्या काळजीनेच झोप उडालेले रुग्ण भेटू लागले, तेव्हा २०१७ मध्ये काही तज्ज्ञांनी त्याला ऑर्थोसोम्निया असं नावच दिलं. सकाळी आधी स्वतःला विचारा, ताजंतवानं वाटतंय का. उत्तर लिहा, मगच घड्याळ उघडा. मी महिनाभर असं केलं तेव्हा दोन उत्तरं कित्येक दिवस जुळली नाहीत. आता झोपताना घड्याळ काढून ठेवते.

निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्यावा का?

डोळ्यांचा ताण कमी व्हावा म्हणून घेत असाल, तर नको. २०२३ मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला, आणि साध्या काचांपेक्षा अशा काचांनी ताण कमी होतो असं त्यात दिसलं नाही. स्क्रीनकडे पाहताना डोळे चुरचुरतात याचं मोठं कारण साधं आहे: आपण पापण्या लवायचं विसरतो. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवणारी पापणी स्क्रीनपुढे निम्म्याहूनही कमी लवते, आणि डोळ्यावरचा ओलावा सुकतो. वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहा, जाणूनबुजून पापण्या मिटा, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवा.

निळ्या प्रकाशाचा खरा संबंध आहे तो शरीराच्या घड्याळाशी. डोळ्याच्या पडद्यात शंकू आणि दंड या पेशींखेरीज तिसऱ्या प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात, हे २००२ मध्ये सिद्ध झालं. त्यांतलं मेलॅनॉप्सिन हे प्रकाश टिपणारं प्रथिन ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतं. या पेशी चित्र बनवण्यापेक्षा मेंदूला दिवस आहे की रात्र हे कळवतात. आणि मेलॅनॉप्सिन पहिल्यांदा कुठे सापडलं? १९९८ मध्ये, बेडकाच्या कातडीत! रात्री स्क्रीन मंद करा, त्याहून चांगलं म्हणजे लवकर बंद करा. चष्म्याचे पैसे वाचतील.

बंद करून पुन्हा चालू केलं की यंत्र ठीक कसं होतं?

चालता चालता सॉफ्टवेअरच्या स्मृतीत कचरा साठतो: न सोडलेल्या जागा, अर्धवट राहिलेली कामं, एकमेकांची वाट पाहत अडकलेले प्रोग्रॅम. पुन्हा सुरू केल्यावर सगळं पहिल्या, तपासलेल्या अवस्थेपासून सुरू होतं.

काही बिघाड तर घड्याळ लावून येतात. विंडोज ९५ सलग ४९.७ दिवस चालू राहिलं तर अडकायचं, कारण त्यातला एक गणक मिलीसेकंद मोजायचा आणि ३२ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक लिहायच्या ३२ घरांत, मावणारा सर्वांत मोठा आकडा तेवढ्या दिवसांत संपायचा. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकांनी बोइंग ७८७ बद्दल आदेश काढला: विमानाची वीजव्यवस्था सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनित्रांचे नियंत्रक एकाच वेळी बंद पडू शकतात, म्हणून त्याआधी ती बंद करून चालू करा. सेकंदाचे शंभरावे भाग ३१ बिटांत मोजले तर २४८ दिवसांत जागा संपते, हिशेब करून पाहा. याच कुळातली पुढची तारीख १९ जानेवारी २०३८ आहे. त्या दिवशी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारी जुनी यंत्रं मागे, १९०१ सालात जातील. नव्या ६४ बिटांच्या यंत्रांना ही अडचण नाही.

आणि कधी कधी कारण हाती लागतच नाही. बेल्जियमच्या स्कारबेक इथे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त मिळाली, शक्य होती त्याहूनही अधिक, म्हणून चूक पकडली गेली. ४,०९६ म्हणजे २ चा १२ वा घात, स्मृतीतला एकच बिट उलटल्याची खूण. प्रोग्रॅममध्ये दोष सापडला नाही. अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाने तो बिट उलटवला असावा, हे त्यातल्या त्यात पटणारं स्पष्टीकरण.

स्प्रेडशीट माझ्या नोंदींच्या आपोआप तारखा करून टाकतं. मीच चुकते का?

मुळीच नाही, जीवशास्त्रज्ञांनाही यापुढे हात टेकावे लागले. माणसाच्या काही जनुकांची नावं मार्च१, सेप्ट२ अशी होती. एक्सेलमध्ये टाकली की त्यांची १ मार्च आणि २ सप्टेंबर होऊन बसायची. २०१६ च्या एका तपासणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या सुमारे एक पंचमांश शोधनिबंधांत अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली: मार्चएफ१, सेप्टिन२. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये करोनाचे १५,८४१ रुग्ण काही दिवस यादीतून गळाले, कारण जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत आणि उरलेल्या ओळी मुकाट्याने गळून पडल्या. ते रुग्ण ज्यांच्या संपर्कात आले होते, त्यांना वेळेत कळवता आलं नाही.

माहिती चिकटवण्याआधी तो रकाना मजकूर म्हणून ठरवून घ्या. पंधरा अंकांपेक्षा लांब क्रमांक तर नेहमीच मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर शेवटच्या अंकांची शून्यं होतात.

एमआरआय यंत्राजवळ फोन नेला तर चुंबकामुळे बिघडतो का?

चुंबकाचा धोका खराच, पण वहीतली माझी आवडती गोष्ट वेगळीच आहे. २०१८ मध्ये शिकागोजवळच्या एका रुग्णालयात नवं एमआरआय यंत्र बसवत होते, आणि इमारतीतले चाळीसच्या आसपास आयफोन आणि घड्याळं एकाएकी मेली. इतर कंपन्यांचे फोन, संगणक, रुग्णालयाची यंत्रं सगळं व्यवस्थित. चुंबकाचा प्रताप असता तर हा भेदभाव कशाला?

गुन्हेगार होता हीलियम. एमआरआयचा चुंबक थंड ठेवायला द्रवरूप हीलियम लागतो, तो वायू होऊन इमारतीत पसरला होता. त्या फोनांमध्ये वेळेचा ताल धरायला नेहमीच्या क्वार्ट्झऐवजी सिलिकॉनचा अतिसूक्ष्म थरथरणारा तुकडा होता, निर्वात डबीत बंद. हीलियमचे अणू इतके लहान की ते त्या डबीतही शिरले, तुकड्याचा ताल चुकला, आणि ताल चुकल्यावर फोन चालणार कसा? काही दिवसांत वायू बाहेर पडला आणि बहुतेक फोन आपोआप जिवंत झाले.

नव्या फोनमधल्या चुंबकांचा पेसमेकरला त्रास होतो का?

होऊ शकतो. जवळ चुंबक आला की पेसमेकर वेगळ्या पद्धतीने चालू लागतो, तशी सोय त्यात मुद्दाम केलेली असते. फोन आणि चुंबकी चार्जर छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर किमान ३० सेंटिमीटर, म्हणजे वरच्या खिशात कधीच नाही.

लॅपटॉप मांडीवर ठेवून तासन् तास काम केलं तर?

मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडू शकतात. भाजण्याइतकी नसलेली उष्णता रोज त्याच जागी लागली की असं होतं. खाली पाट ठेवा; डाग बहुधा हळूहळू जातात, न गेल्यास त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

सॉफ्टवेअरच्या चुकीने खरंच माणूस दगावू शकतो?

हो. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना किरणांची अतोनात मात्रा दिली, आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. १९८६ च्या मार्चमध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे यंत्र चालवणाऱ्या बाईंनी चुकून एक्स-रेचं अक्षर दाबलं, लगेच दुरुस्त करून इलेक्ट्रॉनचं दाबलं. किरण वळवणाऱ्या चुंबकांना नव्या उपचारासाठी जुळायला आठ सेकंद लागत. त्या आठ सेकंदांच्या आतली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या लक्षातच आली नाही. पडद्यावर आलं: बिघाड ५४. आणि मात्रा? पडद्याच्या म्हणण्यानुसार हवी त्यापेक्षा पुष्कळ कमी. असे संदेश दिवसातून कितीदा येत, म्हणून त्यांनी पुढे चालू ठेवण्याची कळ दाबली. आत रुग्णाला पाठीत विजेचा लोळ शिरल्यासारखं वाटलं होतं. त्याला मिळालेली मात्रा ठरलेल्या मात्रेच्या शंभरपटीच्या आसपास होती.

तपासणीत यंत्र ठीक निघालं आणि उपचार पुन्हा सुरू झाले. तीन आठवड्यांनी दुसरा रुग्ण, तोच संदेश. तेव्हा रुग्णालयातले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर त्या बाईंना घेऊन बसले आणि त्यांनी कोणत्या कळा किती वेगाने दाबल्या होत्या ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शेवटी त्यांना बिघाड ५४ हवा तेव्हा आणता येऊ लागला. वेग हेच कारण होतं. आधीच्या प्रारूपातही तीच चूक होती, पण त्यात धोका अडवणारी वेगळी, यांत्रिक कडी होती. नव्यात ती काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला होता.

भाजलं असं रुग्ण सांगत होता, आणि पडदा सांगत होता की मात्रा कमी पडली. ही गोष्ट वाचल्यापासून कुणीही आपलं दुखणं सांगू लागलं की मी यंत्राचा आकडा बाजूला ठेवून आधी त्याचं ऐकते.

बिघाड वहीत कसा लिहायचा?

तारीख, वेळ, काय झालं, किती वेळ टिकलं, त्याआधी काय बदललं होतं, आणि काय केल्यावर थांबलं. कारण लिहायची घाई नको. कारण लिहिलं की आपण शोधायचं थांबतो. अधूनमधून येणारा बिघाड घडत असतानाच चित्रित करा, मग तो फोनचा असो की लहान मुलाच्या झटक्यांचा. दुरुस्ती करणाऱ्यापुढे आणि डॉक्टरांपुढे तो नेमका येत नाही.

माझ्या आत्याला चक्कर यायची. ती म्हणायची, दिवसभर येते. मी तिला वेगळी वही दिली. दोन आठवड्यांनी नोंदी पाहिल्या: प्रत्येक चक्कर अर्ध्या-पाऊण मिनिटाची, आणि प्रत्येक वेळी ती अंथरुणात उजव्या कुशीवर वळलेली. कानाच्या डॉक्टरांनी ते पान वाचलं, तिला टेबलावर झोपवून मान वळवली, डोळ्यांकडे पाहिलं आणि निदान सांगितलं.

आपल्या आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक असतात, केसांसारख्या तंतूंच्या पेशींवर बसलेले. डोकं कललं की ते सरकतात, तंतू वाकतात, मेंदूला कल कळतो. फोन आडवा धरल्यावर स्क्रीन फिरते तीही अशीच, आतला एक सूक्ष्म भार स्प्रिंगांवर सरकतो म्हणून. आत्याच्या कानातले काही स्फटिक जागेवरून सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत पडले होते, आणि कुशीवर वळलं की ते घरंगळत तिथला द्रव ढवळून काढत. डॉक्टरांनी तिचं डोकं ठरावीक क्रमाने चार स्थितींत फिरवलं, एपली यांची पद्धत, आणि स्फटिक पुन्हा आपल्या जागी गेले. पाच-सात मिनिटांचं काम. औषध नाही.

तिच्या वहीतली शेवटची नोंद दुसऱ्या दिवशीच्या पहाटेची आहे: उजवी कूस, चक्कर नाही.